मक्याच्या देशातील वर्धेकर

आमचे अप्पा भुसार अडतीवर मुनीम आहेत. दुकानात मराठी वर्तमानपत्र येते आणि एक दिवस शिळे होऊन ते आमच्या घरी येते. २०२२ च्या सप्टेंबरात, मी पी.यु.सी.ला असताना, अशाच एका शिळ्या अंकात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. मेक्सिको देशातील चापिंगो येथील शेतकी विद्यापीठात डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले, एवढीच ती बातमी. वर्धेत जन्मलेल्या माणसाचा पुतळा मेक्सिकोच्या शेतकी विद्यापीठात कशासाठी, हा प्रश्न माझ्या डोक्यात जो बसला तो काही केल्या निघेना. मग मिळेल तिथून वाचत गेले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत लिहिलेले त्यांचे चरित्रही आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. इतिहास किंवा शेतकी हे माझे विषय नव्हेत. तरीही प्राध्यापकवर्ग हे धाडस गोड मानून घेईल अशी आशा आहे.

या माणसाविषयी लिहावेसे वाटले त्याला आणखी एक कारण आहे. आम्ही ठाणाकुशनूरकडचे लोक. शाळा मराठी माध्यमाची, बाजारात निम्मे बोलणे कन्नड. उदगीरला लग्नाला गेलो की आमची मराठी ऐकून तिकडचे पाहुणे आम्हाला कानडी ठरवतात. बेंगळूरूला मावसभावाकडे गेले तर शेजारच्या बाई विचारतात, महाराष्ट्रातून कधी आलात? दोन्हीकडे आपण थोडे बाहेरचे. यात दुःख करण्यासारखे फारसे नाही, सवय होते. पण ज्याने आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे सगळीकडेच बाहेरचा म्हणून काढली, त्याचे कसे झाले असेल हे जाणून घ्यावे असे मनापासून वाटले.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ चा, वर्धेचा. शिक्षण वर्धा आणि नागपूर येथे झाले. तो काळ लोकमान्य टिळकांचा. विदर्भातील कित्येक तरुणांप्रमाणे तेही त्या विचाराने भारले गेले. इंग्रजांशी लढायचे तर लष्करी शिक्षण हवे आणि ते या देशात मिळणार नाही, म्हणून ते परदेशी निघाले. आज मी ज्या वयाची आहे त्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच ते मोठे असतील. आधी जपान, तिथून अमेरिकेचा पश्चिम किनारा. १९०६ च्या भूकंपाने जमीनदोस्त झालेले सॅन फ्रान्सिस्को शहर तेव्हा पुन्हा उभे राहत होते.

अमेरिकेत त्यांनी दोन विद्या घेतल्या. सॅन राफाएल येथील लष्करी अकादमीत युद्धाची, आणि ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांतील शेतकी महाविद्यालयांत मातीची. मजुरी करून शिकणे चालू होते. परक्या माणसाला तो देश त्या वेळी कसा वागवत होता, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावी लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांवर गोऱ्यांच्या जमावाने हल्ला करून त्यांना गावाबाहेर हाकलले. १९१३ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला की ज्या परदेशीयांना अमेरिकेचे नागरिक होता येत नाही, त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही. आशियातील बहुतेक माणसे त्यात सापडली. म्हणजे ज्या किनाऱ्यावर खानखोजे शेतीचे शास्त्र शिकले, तिथेच पुढे त्यांच्यासारख्याला एकरभर जमीनही घेता येऊ नये अशी व्यवस्था झाली. (पुढे त्याच भागातील कित्येक पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्ने केली. परके परक्यांना शोधून काढतात.)

१९१३ मध्ये याच मजुरांतून आणि विद्यार्थ्यांतून गदर पक्ष उभा राहिला. सोहनसिंग भाकना, लाला हरदयाळ ही नावे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेली असतात. खानखोजे हे त्यांचे सहकारी होते आणि लष्करी तयारीची बाजू मुख्यतः त्यांच्याकडे होती. पहिले महायुद्ध सुरू होताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. तिथल्या टोळ्यांबरोबर राहून इंग्रजी फौजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. एवढ्यावर एक स्वतंत्र लेख होईल, पण माझा विषय तो नाही. युद्ध संपले तेव्हा बेत फसलेला होता आणि हिंदुस्थानात परतणे म्हणजे इंग्रजांच्या तुरुंगात पाऊल टाकणे होते. मग बर्लिन. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर मॉस्को. हे वीरेंद्रनाथ म्हणजे सरोजिनी नायडूंचे बंधू, आपल्या हैदराबादचेच. मॉस्कोहून हाती फारसे काही लागले नाही. खानखोजे चाळिशीला आले होते. हाताशी देश नाही, पैसा नाही, फक्त ती दुसरी विद्या शिल्लक होती. मातीची.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले. रामोन दे नेग्री नावाच्या मेक्सिकन मुत्सद्द्याशी त्यांची ओळख होती, ती उपयोगी पडली. पण ओळख पुष्कळांशी असते. माणूस एखाद्या देशात रुजतो तो तेवढ्याने नव्हे. मला वाटते, मेक्सिको त्यांना पाहताक्षणी ओळखीचा वाटला असावा.

वाचकहो, नकाशा काढून पाहावा. कर्कवृत्त आपल्या देशाच्या मधून जाते तसेच मेक्सिकोच्याही मधून जाते. आपले बिदर साधारण १८ अंश उत्तरेला आहे, वर्धा २१ अंशांच्या किंचित अलीकडे, आणि राजधानीपासून जवळ असलेले चापिंगो साडेएकोणीस अंशांवर. म्हणजे वर्धा आणि बिदर यांच्या मधोमध एक आडवी रेघ मारून ती पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला नेली की चापिंगो येते. पाऊस तिथेही जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर, बाकी वर्ष कोरडे. उंची मात्र सव्वादोन हजार मीटर, बिदरच्या तिपटीहून अधिक. त्यामुळे उष्ण कटिबंधात असूनही थंडीत तिथे दहिवर गोठते आणि पिके करपतात. खाली समुद्राकाठी दमट जंगल, वर थंड पठार, असा तो देश आहे.

आणि लोक? शतकानुशतके मोठमोठ्या जमीनदारांच्या वाड्यांवर राबणारे. आपल्याकडे निजामाच्या राज्यात जहागिरी होत्या, त्या १९४९ मध्ये खालसा झाल्या. मेक्सिकोत १९१० मध्ये याच जमिनीवरून क्रांती पेटली, दहा वर्षे चालली आणि १९१७ च्या राज्यघटनेत जमीनवाटपाचे कलम आले. चापिंगो हीसुद्धा अशीच एक जहागीर होती. क्रांतीनंतर सरकारने त्या गढीत राष्ट्रीय कृषिशाळा आणून बसवली. तिथल्या प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर दिएगो रिवेरा या प्रसिद्ध चित्रकाराने १९२४ ते १९२७ या काळात चित्रे काढली. त्याच शाळेत आपले वर्धेकर प्राध्यापक झाले.

इथे भाषेची गोष्ट आली. चाळिशीतला माणूस, मराठी मातृभाषा, शिक्षण इंग्रजीत, मधली वर्षे फारसी आणि जर्मन बोलणाऱ्यांत गेलेली. आता पोरांना बीजशास्त्र शिकवायचे ते स्पॅनिशमधून. पी.यु.सी.च्या पहिल्या दिवशी फळ्यावरची सूचना मला तीनदा वाचावी लागली होती, तेव्हा माझ्या पोटात जो गोळा आला तो आठवला की मला या माणसाची हिंमत कळते. ते नुसते बोलायला शिकले असे नाही, त्यांनी स्पॅनिशमध्ये शास्त्रीय लेखन केले. मक्याच्या नव्या वाणांविषयीचे त्यांचे पुस्तक चापिंगोच्या शाळेने १९३० मध्ये छापले. त्यातील कणसांची छायाचित्रे तिना मोदोत्ती या इटालियन बाईंनी काढलेली होती. त्या आज जगभर नावाजलेल्या छायाचित्रकार मानल्या जातात, आणि तिथे त्याही परक्याच होत्या.

नावाचीही एक गंमत आहे. अमेरिका खंडात पोचल्यावर आपण हिंदुस्थानला पोचलो असे कोलंबसाला वाटले. म्हणून स्पॅनिश भाषेत तिथल्या मूळ रहिवाशाला इंदियो म्हणू लागले. त्यामुळे खऱ्या हिंदुस्थानी माणसासाठी तो शब्द उरलाच नाही. त्याचा धर्म कोणताही असो, तिकडे त्याला हिंदू म्हणतात. खानखोजे ज्यांच्यासाठी काम करत होते ते शेतकरी इंदियो, आणि ते स्वतः हिंदू. एकाच चुकीची ही दोन नावे.

आता मक्याविषयी. आपल्याकडे मका म्हणजे पावसात भाजून खायचे कणीस, नाहीतर कोंबडीखाद्याच्या कारखान्याला जाणारी पोती. आमच्या अडतीवर मराठी शेतकरी त्याला मका म्हणतो आणि कन्नड शेतकरी मेक्केजोळ. जोळ म्हणजे ज्वारी. ज्या परक्या धान्याला आपण धड नावही दिले नाही, आपल्या ज्वारीचेच नाव पुढे जोडून भागवले, ते धान्य मेक्सिकोत देवाच्या ठिकाणी आहे. दक्षिण मेक्सिकोत सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून माणसाने मका घडवला. या गवताच्या कणसात मोजून पाच ते बारा दाणे, तेही दगडासारख्या टरफलात. त्याचे आजचे कणीस व्हायला किती पिढ्यांनी निवडून निवडून बी ठेवले असेल याचा हिशेब कोणत्या खतावणीत मांडावा?

तिथली भाकरी म्हणजे तोर्तिया. ती करण्याची रीत वाचून आमच्या आजीला फार नवल वाटले. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजत ठेवतात, सकाळी साल चोळून काढतात, मग दगडी पाट्यावर वाटून त्या पिठाची भाकरी हाताने थापून तव्यावर भाजतात. चुना कशाला? चुन्यामुळे मक्यातील एक जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगे मोकळे होते. युरोपीय लोकांनी मक्याचे बी नेले, पण ही रीत नेली नाही, त्यामुळे नुसत्या मक्यावर जगणाऱ्या इटलीच्या आणि अमेरिकेच्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. त्यात कातडी सोलवटते, शेवटी वेड लागते, माणूस मरतो. चुलीपाशी बसलेल्या बायांना जे ठाऊक होते ते जहाजातून गेलेल्या शहाण्यांनी विचारलेच नाही.

अशा देशात जाऊन तिथल्या लोकांना मका शिकवायचा म्हणजे ज्वारी कशी पेरावी हे आपल्याला परदेशी माणसाने सांगण्यासारखेच आहे. खानखोजे यांनी ते कसे केले, यातच त्यांचे मोठेपण आहे असे मला वाटते. त्यांनी उलट दिशेने सुरुवात केली. माणसाने हजारो वर्षांपूर्वी मागे टाकलेल्या त्या रानगवताकडे ते पुन्हा गेले. तेओसिंते आणि मका यांचा संकर करून त्यांनी जो वाण तयार केला त्याला तेओमका अशा अर्थाचे नाव दिले. रानटी झाडाचा काटकपणा आणि शेतातल्या झाडाचे पीक एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होता. गव्हावरही त्यांनी काम केले. संकराचे काम बाहेरून मोठे रम्य वाटते, प्रत्यक्षात ते आमच्या हिशेबनिसासारखे आहे. प्रत्येक झाडाला क्रमांक, त्याचे आईबाप कोण याची नोंद, फुलोऱ्यावर कागदी पिशवी, कोणत्या दिवशी कोणाचा पराग कोणावर घातला याची टिपण. एक नोंद चुकली की सारा हंगाम वाया, आणि पुढची पेरणी वर्षाने. बंदूक घेऊन निघालेल्या माणसाने हे काम कसे पत्करले असेल? कदाचित दोन्हींत लागणारा धीर एकच असेल. नक्की काही सांगता येत नाही.

महाविद्यालयाच्या आवारात राहून ते थांबले नाहीत. नवे बी गढीतल्या शाळेत राहिले तर त्याचा फायदा ज्यांना इंग्रजी-स्पॅनिश वाचता येते त्यांनाच. जमीन नुकतीच मिळालेला शेतकरी निरक्षर होता आणि त्याच्याकडे ना औत ना पैसा. म्हणून खानखोजे यांनी शेतकऱ्यांच्या संघटनेच्या साहाय्याने खेड्यांतून मुक्त कृषिशाळा काढल्या. फी नाही, शिक्षण शेतात. त्यांपैकी एकीला क्रांतीत मारला गेलेला शेतकरी पुढारी एमिलियानो सापाता याचे नाव होते. या शाळांना रिवेरा यांचा पाठिंबा होता आणि मोदोत्तीबाईंनी तिथलीही छायाचित्रे काढली. ती मी पाहिली आहेत. रुंद टोप्या घातलेले शेतकरी ओळीने उभे आहेत. कोणीही हसत नाही. आमच्या गावच्या सोसायटीतील जुन्या फोटोत आजोबांच्या पिढीचे लोक उभे आहेत अगदी तसे.

मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत रिवेरा यांनी भिंतीभिंतींवर चित्रे काढली आहेत. १९२८ च्या एका चित्राचे नाव मराठीत सांगायचे तर आमची भाकरी असे होईल. मेजाभोवती निरनिराळ्या वंशांचे लोक बसले आहेत आणि मधोमध बसलेला माणूस भाकरी मोडून वाटतो आहे. त्या माणसाचा चेहरा खानखोजे यांचा आहे असे सांगतात. ज्याला स्वतःच्या गावी जाऊन आईच्या हातची भाकर खाता येत नव्हती, तो भिंतीवर दुसऱ्यांना भाकर वाटत बसला आहे, असे माझ्या मनात येऊन गेले. चित्रकाराला अर्थात यातले काही सुचवायचे नसेल.

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी लग्न केले. ते बावन्न वर्षांचे होते. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. बाप मराठी, आई बेल्जियन, अंगणातली भाषा स्पॅनिश, आणि मुलींची नावे मात्र आपल्या आज्यांची.

१९४७ साल उजाडले. देश स्वतंत्र झाला तेव्हा हा माणूस साठी ओलांडून गेला होता. त्यांनी भारतात येण्यासाठी व्हिसा मागितला. व्हिसा नाकारला गेला. इंग्रज सरकारने त्यांच्यावर घातलेली बंदी कागदोपत्री तशीच होती, आणि राज्य बदलले तरी कपाटातील फायली बदललेल्या नव्हत्या. ज्या राजवटीविरुद्ध लढल्याबद्दल बंदी घातली गेली, ती राजवट गेली आणि बंदी राहिली! अप्पांना हे वाचून दाखवले तेव्हा ते इतकेच म्हणाले की जुनी वही बंद करताना बाकी पुढे ओढायची नसते, पण कारकून ओढतोच. यथावकाश बंदी उठली. १९४९ मध्ये मध्य प्रांत सरकारच्या निमंत्रणावरून शेतीविषयक सल्ला देण्यासाठी ते नागपूरला आले. चार दशकांहून अधिक काळ लोटला होता. वर्धेच्या घरातून निघालेला कोवळा तरुण पाहुणा शास्त्रज्ञ म्हणून परतला.

ते पुन्हा मेक्सिकोला गेले आणि काही वर्षांनी सहकुटुंब कायमचे नागपूरला आले. परकेपणाची पाळी आता घरातील दुसऱ्यांची होती. बेल्जियममध्ये जन्मलेली, मेक्सिकोच्या थंड पठारावर संसार केलेली बाई नागपूरच्या वैशाखात कशी राहिली असेल, हे आमच्याकडच्या उन्हाळ्यावरून मी ताडू शकते. नवऱ्याचे ते गाव होते, तिचे नव्हते. अशा बायकांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

भारतात ते फार मोठ्या पदावर गेले नाहीत. त्यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत मला तरी आढळले नाही. याविषयी तक्रार करण्याची माझी इच्छा नाही, पण चापिंगोच्या संदर्भात एक गोष्ट नोंदवून ठेवते. १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग हे अमेरिकन शास्त्रज्ञ मेक्सिकोत आले. ज्या गहू संशोधन कार्यक्रमात त्यांनी काम केले त्याचे एक मुख्य केंद्र चापिंगोच होते. त्यांचे बुटके गहू खानखोजे यांच्या वाणांतून निघाले असे मुळीच नव्हे, ते काम वेगळे. पण मेक्सिकोच्या मातीतून साऱ्या जगाच्या भाकरीचा विचार करता येतो हे तिथे वीस वर्षे आधीच एक मराठी माणूस करून दाखवत होता. १९६६ मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, भारत सरकारने लेर्मा रोहो आणि सोनोरा ६४ या मेक्सिकन वाणांचे १८ हजार टन बियाणे मागवले. पंजाब, हरियाणाच्या शेतांत त्या वर्षीच्या रब्बीला ते पेरले गेले.

खानखोजे तेव्हा नागपुरात होते. गहू ओंबीवर येण्याच्या सुमारास, २२ जानेवारी १९६७ रोजी, तिथेच त्यांचे निधन झाले.